चराच्या अलीकडे मांडलेलं टेबल

१९ ऑक्टोबर २०१७, गुरुवार. आभाळ स्वच्छ. वारा ईशान्येचा, बेताचा. सकाळी दोन कपडे शिवून दिले. दुपारच्या ओहोटीला काम्बालीला जायची वाट तपासून आले. मधल्या चरात पाणी कमरेला लागलं, तिथूनच परत फिरले. झगा गोड्या पाण्यातून काढून वाळत घातला. रात्री मुगाची आमटी, सुकट. कोन्सोर्सियाला अजून सांगितलेलं नाही.

एवढं लिहून लेओनिलाने पेनाला टोपण लावलं, पण वही उशाशी ठेवली नाही. मांडीवर धरून बसून राहिली. असं ती सहसा करत नसे. नन्सच्या शाळेत असताना सिस्टरांनी एक सवय लावली होती. दिवस संपला की तो आधी देवाला सांगायचा, मग वहीला, आणि मग दिवा मालवायचा. वही मिटली की दिवसही मिटला. नवरा पेलाहियो होता तेव्हा चिडवायचा, "आज शेजारच्या कोंबडीला शिंक आली, ते लिहिलंस का?" ती मान वर न करता म्हणायची, "शेजारची नव्हती. आपलीच होती." पण आजचा दिवस काही केल्या मिटेना.

परवा, शनिवारी, बुनाकान गावच्या बायका माउलीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती घेऊन समुद्रातून चालत काम्बाली बेटावर जाणार होत्या. आणि तो दिवस लेओनिलानेच ठरवला होता.

काम्बाली म्हणजे काही परमुलूख नव्हे. गावच्या धक्क्यावर उभं राहिलं की तिथल्या माडांची झापं हलताना दिसतात. भरतीला मध्ये समुद्र, ओहोटीला वाळूचा लांबलचक दांडा आणि त्याला मध्येच छेदणारा एक खोलगट चर. त्या दांड्यावर निम्म्यापर्यंत बायका रोजच जातात, शिंपल्या वेचायला. पलीकडे मात्र आता फारसं कोणी जात नाही, कारण पलीकडे एकच घर उरलंय. ते फाउस्ताचं. फाउस्ता ही पेलाहियोची थोरली बहीण, म्हणजे लेओनिलाची नणंद.

वर्षातून एकदा माउली गावात घरोघर फिरते. ज्या घरी जाईल तिथे एक रात्र मुक्काम, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मणी मोजत मारियेच्या प्रार्थनांची माळ म्हणायची, गोडाधोडाचं खायचं, दुसऱ्या दिवशी पुढचं घर. शेवटचा मुक्काम काम्बालीला. तिथे ती चालतच जाते. फार पूर्वी एका वादळात गावातल्या सगळ्या होड्या फुटल्या आणि बेटावर दाणा उरला नाही, तेव्हा बायकांनीच पुढे मूर्ती आणि डोक्यावर तांदूळ घेऊन ओहोटीतून वाट काढली होती. तो नवस तेव्हाचा: माउली काम्बालीला चालत जाईल, होडीत बसणार नाही. मध्यंतरी एका पुढाऱ्याने तिला मोटारबोटीतून मिरवत न्यायचा घाट घातला, तर धक्का सुटायच्या आत इंजिन बंद पडलं. तेव्हापासून होडीचं नाव कोणी काढलं नाही.

ही फेरी मे महिन्यातली. यंदा मात्र किडीने मूर्तीचा पाट पोखरला आणि शहरातल्या सुताराने काम इतकं लांबवलं की माउली परत आली ती पावसाळा ओसरताना. ऑक्टोबर हा माळेचाच महिना, म्हणून सगळ्यांना उलट बरं वाटलं. लेओनिलाने भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या पाहिली आणि तिला लागून दिवस धरला. मे महिन्यात धरते तसाच.

इथेच घोटाळा झाला. या किनाऱ्याला मोठी ओहोटी उन्हाळ्यात भर दिवसा लागते आणि वर्ष उतरणीला लागलं की रात्रीकडे सरकते. दिवसाला उरते ती अर्धीमुर्धी. हे न कळायला गावात कोणी दूधखुळं नव्हतं. या दिवसांत त्याच बायका शिंपल्या वेचायला कंदील घेऊन जातात ते उगीच नाही. पण शिंपल्यांची ओहोटी निराळी आणि माउलीची निराळी, अशीच जणू सगळ्यांच्या मनात खूणगाठ. माउलीची वाट जन्मात कोणी ओली पाहिली नव्हती. त्यामुळे ती ओली असेल हे कोणाच्या ध्यानीमनी आलं नाही, लेओनिलाच्याही नाही. ती आज वाट तपासायला गेली ती केवळ शिरस्ता म्हणून. पेलाहियो गेल्यापासून माउलीला पलीकडे न्यायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि आधी स्वतः पाय भिजवल्याशिवाय ती दुसऱ्याला पाण्यात घालत नसे.

पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबावं, तर फाउस्ता थांबणार नव्हती. तिचे गुडघे गेले होते. तिचा मुलगा रविवारी सकाळच्या भरतीला होडी घेऊन येणार होता आणि तिला कायमची कागायान शहरात घेऊन जाणार होता. घराला कुलूप लागणार होतं. रात्रीच्या ओहोटीत जावं, तर बरोबर येणाऱ्या मैत्रिणीला, कोन्सोर्सियाला, उजेडातसुद्धा निम्मंच दिसतं. आणि लेओनिलाने नणंदेला शब्द दिला होता: "मानांग, माउली तुमच्या घरी राहून गेल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

ती फाउस्ताला सुरुवातीपासून मानांग म्हणत आली होती. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. त्यालाही कारण होतं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा काम्बालीला निघाली तेव्हा ती शहरातली, पायात पांढरे बूट घालणारी मुलगी होती. बूट हातात घेतले, आणि शिंपल्यांच्या फुटक्या कडांनी तळवे चिरले. पेलाहियो डोक्यावर ट्रंक घेऊन पुढे गेलेला. त्याला मागचं काही कळलं नाही. ती वाळूत उभी राहून रडायला लागली. तेव्हा समोरून, बेटाकडून, एक उंच बाई चालत आली. तिने आपल्या पायातल्या लाकडी सपाता काढून नव्या भावजयीपुढे ठेवल्या.

"आणि तुम्ही?" लेओनिलाने विचारलं होतं.

"माझे पाय इथलेच आहेत," फाउस्ता म्हणाली होती. "तुझे अजून यायचेत."

शुक्रवारी प्रार्थनाघराच्या अंगणात बायका नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात माडाच्या पात्यांत गुंडाळत बसल्या होत्या. लेओनिला जाऊन त्यांच्यात बसली, एक पातं उचललं, परत ठेवलं आणि म्हणाली, "उद्या पलीकडे जायचं नाही."

कोन्सोर्सियाचे हात थांबले. लेओनिलाशी शाळेपासून मैत्री आणि शाळेपासूनच भांडण, अशी ही बाई. "का गं? माउलीने तुला वेगळा निरोप पाठवला?"

"चरात पाणी आहे. काल माझ्या कमरेला लागलं."

"तुझी कंबर! ती तर खुडूक कोंबडीच्या उंचीवर आहे."

बायका फिदीफिदी हसल्या.

"तुझी कुठे माडाला लागलीय?" लेओनिला म्हणाली. "आणि मला निदान चर दिसतो तरी. तुला डाव्या डोळ्याने दिसत नाही, आणि उजव्याने तू बघत नाहीस."

"इतकी वर्षं माउली चालत गेली, ती काय आत्ताच बुडायला बसलीय?"

"माउली कशाला बुडेल? ती लाकडाची आहे. तू बुडशील."

हसू पुन्हा उसळलं आणि मग आपोआप विरलं. एकीने मान वर केली. "पण दिवस तर तूच ठरवलास ना, निला?"

"मीच ठरवला. चुकला माझा."

असं ती इतक्या सरळ म्हणाली की पुढे टोमणा मारायला कोणाला जागाच राहिली नाही. कोन्सोर्सियाने हातातला भात नीट गुंडाळला, गाठ मारली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मग फाउस्ताला कोण सांगणार?"

लेओनिला उठली आणि कुलासला गाठायला धक्क्याकडे निघाली.

कुलास रोज आपली छोटी, बाजूला तोलाचे बांबू बांधलेली उलांडी होडी वल्हवत बेटाजवळ जायचा. तिथे मासे अडकवायला त्याने बांबूचं कुंपण रोवलं होतं. येता-जाता फाउस्ताला पाणी भरून देणं, कोंबड्यांना तूस टाकणं हेही त्याच्याकडेच. लेओनिलाने त्याला धक्क्यावर गाठलं. आदल्या रात्रभर तिने चांगली समजुतीची वाक्यं जुळवली होती. तोंडून निघालं ते एवढंच: "मानांगला म्हणावं, चरात पाणी आहे. आम्ही चरापर्यंत येऊ. तिकडून तिने किनाऱ्यावर उभं राहावं, इकडून आम्ही माळ म्हणू."

"उभं राहावं? त्यांना बसवत नाही, उभं कुठलं राहणार!"

"मग बसू दे रे. पण सांग."

तो उन्हं कलताना परत आला. लेओनिला धक्क्यावरच होती.

"काय म्हणाली?"

"हसल्या."

"आणि?"

"म्हणाल्या, निला बावळट आहे. आणि उद्या दुपारी मला होडी घेऊन बोलावलंय."

"होडी?" लेओनिला उठून उभीच राहिली. "माउली होडीत बसत नाही, हे आता मी तिला शिकवायचं?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाल्या, ती नसेल बसत. मी बसते."

शनिवारी दुपारी पाणी ओसरायला लागलं तशी लेओनिलाने बायकांना धक्क्याखाली उभं केलं. तिचे नियम सगळ्यांना पाठ होते आणि सगळ्यांना त्यांचा कंटाळाही होता. सपातांना दोरी बांधायची, नाहीतर चिखल त्या गिळतो. हातात काठी, आणि काठी आधी, पाय मागून. सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढे, म्हणजे मागे कोणी राहत नाही. लेओनिला स्वतः शेवटी, गळ्यात शिट्टी. आणि परतायची वेळ घड्याळावर ठरवायची नाही, तर चरावर. वाहत्या पाण्यात तिवराचं पान टाकायचं. ते समुद्राकडे जातंय तोवर आपलं राज्य. पान जागच्या जागी घुटमळलं की पाठ फिरवायची. ते उलटं फिरायची वाट बघायची नाही.

"पान, काठी, शिट्टी," कोन्सोर्सिया पुटपुटली. हळू चालते म्हणून तिला पुढे घातलं होतं, पण डौल असा, की पुढारीपणाच मिळालाय. "माउली, तूच बघ गं. इथे तुझ्यापेक्षा पानावर जास्त भरवसा आहे."

"पानही तिनेच केलंय," मागून आवाज आला. "चल."

दांड्यावर पाणी घोट्याएवढंच होतं. मूर्तीचा नवा पाट दोघींच्या खांद्यांवर होता. कोणी थकली की दुसरी पुढे व्हायची. माउलीचा निळा रंग सुताराने जरा भडकच दिला होता आणि डोळे पूर्वीपेक्षा मोठे काढले होते. "घाबरल्यासारखी दिसतेय," कोणीतरी म्हणालं. "आपल्याबरोबर यायचं म्हटल्यावर कोण घाबरणार नाही!" दुसरीने उत्तर दिलं. वाळूत खेकड्यांची धावपळ चालली होती. लेओनिला सगळ्यांच्या मागे, पुढच्या पाठी मोजत चालली होती, आणि नजर मात्र पुन्हा पुन्हा बेटाकडे जात होती. किनाऱ्यावर कोणीच दिसत नव्हतं.

चर दिसायला लागला तेव्हा त्याच्या पलीकडून कुलासची होडी निघालेली दिसली. होडीत मध्यभागी फाउस्ता, पाठ ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. आणि तिच्यापुढे चार पाय आभाळाकडे करून काहीतरी पडलेलं.

"डुक्कर आणतेय की काय ही?" कोन्सोर्सियाने हाताची सावली डोळ्यांवर धरली. "एवढ्या जणींना पुरेल का?"

"टेबल आहे ते," लेओनिला म्हणाली.

ते टेबल तिने ओळखलं. फाउस्ताच्या खिडकीपाशी असायचं, एक पाय आखूड, त्याखाली नारळाच्या करवंटीचा तुकडा. माउली काम्बालीला आली की रात्रभर त्याच टेबलावर बसायची. पेलाहियोचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला पुसून कोरडं केलं तेही त्याच्यावरच, असं सासूबाई सांगायच्या.

होडी अलीकडच्या वाळूला लागली. कुलासने हात पुढे केला, तो फाउस्ताने बाजूला सारला. मग गुडघा वाकेना तेव्हा निमूट धरला. खाली उतरून तिने आधी श्वास घेतला. मग काठीने वाळू चाचपली, कडक जागा शोधली. "इथे." कुलासने टेबल मांडलं. तिने ते हलवून पाहिलं, बाकीचे तीन पाय वाळूत खुपसले, म्हणजे आखूड पाय त्यांच्या बरोबरीला आला. छातीशी धरलेली गुंडाळी उलगडली, ती पांढरी चादर. चार कोपऱ्यांवर चार दगड. हे सगळं ती इतकं सावकाश करत होती, की जणू पाहुणे यायला अजून अवकाश आहे.

मग तिने वळून सगळ्या बायकांकडे पाहिलं. "हं. आणा तिला घरात."

"घर कुठंय?" कोन्सोर्सियाने विचारलं.

"हे काय! टेबल जिथे माझं, तिथे घर माझं. तुमच्या नवसात होडीत ती बसायची नाही ना? ती नाही बसली. घर बसलं. आता दाराबाहेर गर्दी करू नका. पाय पुसा आणि आत या."

बायका हसल्या, आणि हसता हसता खरंच त्यांनी ओल्या वाळूत पाय पुसले. एकेक जण, ओळीने. माउलीला टेबलावर ठेवलं. मेणबत्ती वाऱ्याने तीनदा विझली. शेवटी फाउस्ताने ती न पेटवताच मूर्तीपुढे उभी केली. "तिला कळतं," ती म्हणाली.

लेओनिलाने चरात पान टाकलं. ते डुलत समुद्राकडे निघालं. माळ सुरू झाली. अर्धी 'नमो मारिया' फाउस्ताने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. काम्बालीच्या घरात म्हणायच्या तशीच, फक्त इथे मध्ये मध्ये पाण्याचा आवाज. फाउस्ताचा आवाज जाडाभरडा, एकाच सुरात चालणारा. लेओनिलाचे ओठ हलत होते, बोटांत मणी सरकत होते, आणि डोळे पाण्यावर. दुसरं पान टाकलं. ते जरा रेंगाळत गेलं. तिसरं टाकलं, तेव्हा माळेचा शेवटचा मणी आला होता. पान थोडं पुढे गेलं, आणि थांबलं.

"झालं," लेओनिला म्हणाली. "निघायचं."

"नामावळी राहिली," फाउस्ता म्हणाली.

"पाणी थांबलंय, मानांग."

"इतकी वर्षं माउलीचं एक नाव गाळलेलं नाही मी."

"गाळायचं नाही. चालत म्हणू. नावं चालताना म्हटली तर ती रागावते का?"

फाउस्ताने तिच्याकडे पाहिलं. मग मूर्तीकडे. मग स्वतःच चादरीवरचे दगड उचलायला लागली. "टेबल तू घेऊन जा. कागायानला त्याला जागा नाही, मुलाने फोनवर सांगितलंय. आज रात्री तिला ह्याच्यावरच ठेव. म्हणजे मुक्काम माझ्याकडेच झाला."

"मग तुम्हीही चला ना माझ्याकडे. एक रात्र. मुलाला तिथेच बोलावू."

"आणि कोंबड्या कोण कोंडणार?"

"कोंबड्या तर उद्या कुलासला देणार आहात!"

"उद्या. आज माझ्या आहेत."

कुलासने वल्हं हातात घेतलं आणि घसा खाकरला. "मानांग निला, मग तुम्ही चला पलीकडे. होडीत जागा आहे. यांना काय, वाट पाठ आहे."

लेओनिलाने होडीकडे पाहिलं. छोटीशी होडी, बसायला एक फळी, दोघींना दाटीवाटीने पुरेल एवढी. मग मागे पाहिलं. एकीने सपात हातात घेतली होती. दोघी टेबल उलटं करून डोक्यावर घ्यायच्या खटपटीत. कोन्सोर्सिया भलत्याच दिशेला तोंड करून उभी होती आणि वाट त्या बाजूला आहे अशी तिची खात्री होती.

"नाही यायची ती," फाउस्ताच म्हणाली. "तिच्या गळ्यात शिट्टी आहे."

लेओनिलाने नणंदेचा हात घेऊन, थोरल्यांचा आशीर्वाद घेतात तसा, कपाळाला लावला. फाउस्ताने तो हात तिथेच, कपाळावर, जरा वेळ राहू दिला. मग खाली वाकून पाहिलं. ओल्या वाळूत लेओनिलाची पावलं उघडी होती. फुगलेले सांधे, वाकडं झालेलं बोट, टाचांना भेगा.

"आले की नाही शेवटी पाय?" फाउस्ता म्हणाली.

"आले, मानांग."

"मग जा आता. पाणी भरतंय."

शिट्टी वाजली. कोन्सोर्सियाला दंडाला धरून योग्य बाजूला वळवण्यात आलं, त्यावर ती दोन शब्द बोललीच. मूर्ती पुढे, टेबल मागे, आणि लेओनिला सगळ्यांच्या शेवटी. पहिलं नाव तिनेच उचललं आणि बायकांनी उत्तर दिलं, "आम्हासाठी विनंती कर." दुसरं नाव, तिसरं. प्रत्येक उत्तरामागून अर्ध्या श्वासाने आणखी एक जाडाभरडा आवाज पाण्यावरून येत होता, "आम्हासाठी विनंती कर," आणि त्याच्या मागे वल्ह्याचा चुबुक चुबुक. लेओनिलाने मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या पाठी मोजायच्या होत्या. येतानाच्या पावलांत आता पाणी साठत होतं. मग तो आवाज चार नावांमागून एकदा ऐकू आला, आणि मग वारा तेवढा राहिला. पण लेओनिला प्रत्येक नावानंतर अर्धा श्वास थांबत होती. बायकांनाही ते कळलं असावं. कोणी घाई केली नाही. सगळ्या धक्क्याच्या पायरीवर चढल्या तेव्हा नामावळीतली दोन-तीन नावं उरली होती, ती तिथे उभं राहून म्हटली.

त्या संध्याकाळी लेओनिलाच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. पात्यांतला भात सगळ्यांनी खाल्ला. टेबल आहे म्हणजे फाउस्ताही इथेच आहे असं धरून कोन्सोर्सियाने तिचा वाटा वेगळा काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, आणि जाताना तोही खाऊन टाकला. सगळ्या गेल्यावर लेओनिलाने वही उघडली.

२१ ऑक्टोबर, शनिवार. वारा कमी. सगळ्या सुखरूप परत. कोन्सोर्सियाची एक सपात गेली. मानांगचं टेबल खिडकीपाशी लावलं. करवंटीचा तुकडा बेटावरच राहिला, म्हणून पायाखाली शिंपला घालून पाहिला, पण डुगडुगतं. उद्या नारळ फोडला की करवंटी ठेवायची.